कागदावरचा नंबर

४ मार्च, मंगळवार

आठला यार्डात पोहोचलो. सकाळच्या मालगाडीतून बेचाळीस कंटेनर उतरवले. एक कंटेनर बंदरावरून ट्रेलरने परत आला होता, तो दुपारी उघडला. साडेपाचला घरी आलो. दोनदा आंघोळ केली. जेवलो नाही.

एवढं लिहून वही मिटणार होतो. पण हाताचा वास जात नाही, आणि सांगायला घरात आता कोणी नाही, म्हणून लिहितो.

हा कंटेनर जानेवारीत आमच्याच यार्डातून गेला होता. आमचं काम मधल्या टप्प्याचं. कारखान्यातून माल ट्रकने निघतो, मग रेल्वेने आमच्याकडे येतो. आम्ही तो क्रेनने ट्रेलरवर चढवतो, ट्रेलर बंदरावर जातो, पुढे जहाज. कारखान्यात दाराला एकदा सील लागलं की ते समुद्रापलीकडेच तोडायचं. मध्ये दार उघडायचं नाही. प्रत्येक टप्प्यावर फक्त सील तपासायचं, नंबर लिहायचा आणि सही करायची. आमच्या फाटकावर ती सही करणारा मी. एकोणीस वर्षं.

आत लहान मुलांच्या दुधाच्या पावडरीचे डबे असायला हवे होते. दाराजवळच्या तीन रांगा डब्यांच्याच होत्या. त्यांच्यामागे खडीची पोती आणि बटाट्यांची पोती. महिनाभर बंद पत्र्यात बटाट्यांचं काळं पाणी झालं होतं. ते दाराखालून गळायला लागलं म्हणून बंदरावर कळलं. जहाज चुकल्यामुळे कंटेनर तिथेच पडून होता. चुकलं नसतं तर ही घाण दूर कोणाच्या तरी दारात उघडली असती.

क्रेन चालवणाऱ्या बाई वर केबिनमध्ये नाक धरून बसल्या. दोन हमाल ओकले. मी आत गेलो, कारण कोणीतरी जायला हवं होतं. एका पोत्याला हात लावला तर हात आत गेला.

बंदरावर तोडेपर्यंत सील शाबूत होतं. वजन बरोबर होतं. काट्यावर अकरा किलोंचा फरक, तेवढा चालतो. कागद बरोबर होते. म्हणजे डबे काढल्यावर कोणीतरी तेवढ्याच वजनाचे बटाटे आणि खडी तोलून भरली. माणूस चोरी करतो हे मला समजतं. पण शांतपणे बसून कुजणारा माल तोलणारा माणूस डोळ्यांसमोरून हलत नाही.

५ मार्च, बुधवार

मुख्य कचेरीतून सुरक्षेचे साहेब आले. वय पस्तीसच्या आसपास. यार्डात पांढरे बूट घालून आलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला. दर वाक्यात 'पुरवठा साखळी' म्हणतात. क्रेनच्या बाईंनी जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांचं नाव साखळीसाहेब करून टाकलं. "ही साखळी गळ्यात घालतात की दाराला लावतात, तेवढं विचारा बाई कोणीतरी," म्हणाल्या. सगळे हसले.

साहेबांनी मला आत बोलावलं. आपल्या यार्डात चूक कुठे झाली आणि सुरक्षा कशी सुधारायची, याचा अहवाल मी लिहायचा. "तुम्ही सगळ्यात जुने. तुमच्याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. आणि तुमच्या मिसेसचं ऐकलं. वाईट झालं. या कामात मन रमेल तुमचं."

मन रमेल! तिला जाऊन पाच आठवडे झाले आणि हा माणूस कुजक्या बटाट्यांत माझं मन रमवतोय. मी "हो साहेब" म्हणालो. मी नेहमी "हो साहेब"च म्हणतो, त्याचीही किळस येते.

फाटकावर शिट्टीमामांना नमस्कार केला, त्यांनी मान वळवली. सव्वीस वर्षं ते फाटकावर आहेत. ट्रेलर मागे घेताना तोंडात शिट्टी धरून असे काही हात करतात की चाळीस फुटांची गाडी सुईच्या नेढ्यातून जावी. म्हणून शिट्टीमामा. ती गेल्यापासून हा माणूस माझ्या नजरेला नजर देत नाही. लोकांना दुःखी माणूस नको असतो, हे मी या पाच आठवड्यांत शिकलो.

७ मार्च, शुक्रवार

साहेबांना सील तपासायची पद्धत दाखवली. ओढ, पीळ, वाच. सील दोन्ही हातांनी ओढायचं, मग पिळायचं, ढिलं असेल तर कळतं. मग बोट ठेवून नंबर मोठ्याने वाचायचा आणि कागदावरच्या नंबराशी ताडायचा. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी हे तीन शब्द पाठ करायला लावतो. एकोणीस वर्षांत एकही सील न ओढता सोडलेलं नाही, असं साहेबांना सांगितलं.

वाचायची वेळ आली तेव्हा मात्र पंचाईत झाली. उन्हात आकडे दिसेनात. पुढे-मागे झालो, चष्मा पुसला, तरी नाही. शेवटी साहेबांनीच वाचला. चष्म्याचा नंबर वाढलाय. कधी वाढला ते कळलं नाही. माझ्या केबिनमध्ये कागद वाचताना काही अडत नाही.

शिट्टीमामा दहा पावलांवर उभे होते. सगळं बघत होते. मी पाहिल्यावर त्यांनी मान खाली घातली आणि उगाच बुटाच्या टाचेने माती दाबू लागले. या माणसाच्या मनात काहीतरी आहे.

९ मार्च, रविवार

बहीण आली होती. येताना दोन रिकाम्या बॅगा घेऊन आली. "दादा, वहिनीचं कपाट रिकामं करू. तुझ्याच्याने व्हायचं नाही." खरंच झालं नसतं. पण ती एकेक साडी उलगडून, डाग आहे का बघून, दोन ढीग करत होती आणि मला बाजारात उभं असल्यासारखं वाटत होतं. हे वाईट आहे. बहीण तिच्यासाठी मनापासून रडली आहे, माझ्यापेक्षा जास्त. मी रडलोच नाही.

"आणि हा कंगवा तरी टाकू दे. केस अडकलेत बघ."

मी कंगवा तिच्या हातातून ओढून घेतला. ती बघतच राहिली. मी म्हणालो, राहू दे. ती म्हणाली, "अरे राहू दे तर राहू दे, हिसकावतोस काय."

ती गेल्यावर कंगवा नीट पाहिला. दातांत केसांचा गुंता, तेल, त्यावर धूळ. मला किळस आली. तिच्या केसांची. मग किळस आल्याची किळस आली. वर्तमानपत्रात गुंडाळून खणात ठेवला.

११ मार्च, मंगळवार

कारखान्यापासून बंदरापर्यंतच्या सातही टप्प्यांचे तपासणी कागद आले. कारखान्याने सील लावताना काढलेला फोटो आला. बंदरावर तोडलेल्या सीलचा फोटोही आला.

दोन फोटोंतले नंबर वेगळे आहेत. एखादा आकडा इकडचा तिकडे असता तर म्हणालो असतो की नजर चुकली. पहिल्यापासून शेवटपर्यंत वेगळा नंबर. वाटेत कुठेतरी जुनं सील कापलं, डबे काढले, घाण भरली, आणि हाताला येईल ते दुसरं सील ठोकून दिलं.

आणि सातही कागदांवर कारखान्याचाच नंबर आहे. बंदराच्या कागदावरसुद्धा! तिथे तर सील नक्कीच बदललेलं होतं. म्हणजे कोणीही दारापर्यंत जाऊन वाचलं नाही. सगळ्यांनी हातातल्या कागदावर छापलेला नंबर खालच्या चौकटीत उतरवला आणि सही ठोकली. त्यामुळे सील नेमकं कुठे बदललं, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

चोराने नंबर खोटा करायचीही तसदी घेतली नाही. त्याला आपल्या सगळ्यांची इतकी खात्री होती. चोराने आपल्याला इतकं नीट ओळखावं, याची मला त्या वासापेक्षा जास्त शिसारी आली.

आमच्या फाटकाचा कागद २३ जानेवारीचा. अक्षर माझं नाही. सहीही माझी नाही. शिट्टीमामांची आहे.

१२ मार्च, बुधवार

मामांना केबिनमध्ये बोलावलं. साहेब खुर्चीत, मी शेजारी स्टुलावर, मामा उभे. मी बसा म्हणालो नाही.

"मामा, तपासणीचा कागद तुमच्या हातचा कसा?"

"लिहिला."

"तुमचं काम फाटक उघडायचं. सही करायचा अधिकार तुम्हाला आहे?"

"नाही."

"मग का केलीत?"

"चुकलं."

"कोणी सांगितलं होतं?"

त्यांनी टोपी काढली आणि माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "भाऊसाहेब, चुकलं म्हणालो ना. चुकलं असं लिहा."

साहेबांनी विचारलं, "आणि त्या वेळी तपासनीस कुठे होते?"

मी उत्तर देणार तेवढ्यात मामाच म्हणाले, "भाऊसाहेब आतल्या बाजूला होते. रुळांकडे. हजेरीत बघा, साडेपाचपर्यंत आहेत."

हजेरीपुस्तक फाटकावर मामांकडेच असतं. साहेबांनी मागवून पाहिलं. साडेपाच लिहिलेलं आहे. ती जायच्या आधीच्या आठवड्याचं मला धड काही आठवत नाही. यार्ड, बस, दवाखाना, बस, यार्ड, सगळं एकात एक मिसळलंय. पण हजेरी आहे म्हणजे मी होतो.

म्हणजे मी शंभर पावलांवर होतो आणि या माणसाला मला हाक मारायचीही गरज वाटली नाही. बायको मरणाच्या दारात, हा काय डोकं लावणार, असा विचार केला असेल. माझा राग गेला नाही. खुर्चीत बसून नंबर उतरवणारा माणूस आणि बटाटे तोलणारा माणूस यांच्यात फरक किती, असं घरी येईपर्यंत मनात चाललं होतं.

१४ मार्च, शुक्रवार

अहवाल दिला. साडेतीन पानं. 'अनधिकृत व्यक्तीने प्रत्यक्ष तपासणी न करता सील क्रमांक नोंदवला' हे वाक्य मीच लिहिलं. साहेबांना फार आवडलं. बाकीच्या सहा ठिकाणच्यांनीही हेच केलंय, हे मी तोंडी सांगितलं. ते म्हणाले, "पण तिथे निदान सही करणारा माणूस अधिकृत होता."

न वाचता सही करणारा अधिकृत असला की चालतो. हे वाक्य बोलताना त्यांना काहीच वाटलं नाही.

संध्याकाळी क्रेनच्या बाई शिडीवरून उतरत होत्या. म्हणाल्या, "झाला अहवाल? आमच्या केबिनची उंची लिहिलीत का त्यात?"

"तिचा काय संबंध?"

"काही नाही. वरून फाटक दिसतं, रूळ दिसतात, बसचा थांबासुद्धा दिसतो. म्हटलं कोणी विचारलं तर सांगावं. पण आम्हाला कोण विचारतंय, भाऊसाहेब!"

या बाईंचं नेहमी असंच. सरळ बोलणं माहीत नाही.

१७ मार्च, सोमवार

मामांना घरी बसवलं. चौकशी पूर्ण झाली की बडतर्फ करणार. निवृत्तीला चार महिने राहिले होते. मग पेन्शनही गेली.

जाताना त्यांनी फाटकाची किल्ली, टोपी आणि शिट्टी माझ्या टेबलावर ठेवली. शिट्टी कंपनीची नाही, त्यांची स्वतःची आहे, हे मला माहीत होतं. मी म्हणालो, ही तुमची आहे. ते म्हणाले, "आता कोणाला मागे घेऊ?" आणि गेले.

दुपारी एका ट्रेलरने मागे येताना वजनकाट्याचा खांब वाकवला.

शिट्टीला तोंडाच्या जागी दातांच्या खुणा आहेत. बघवेना. टेबलाच्या खणात टाकली. हल्ली सगळं खणात टाकतो.

२३ मार्च, रविवार

हे नीट लिहायला हवं.

सकाळी बहिणीचा फोन आला. म्हणाली, "दादा, वहिनी शेवटची जेवली कधी रे? म्हणजे स्वतःच्या हाताने? मला सारखं वाटतं, मी आले त्या दिवशी तिने काहीच खाल्लं नाही, उपाशी गेली." मी म्हणालो, मला आठवत नाही, पण लिहिलेलं असेल.

तिच्या आजारात डॉक्टरांनी एक वही घालायला सांगितली होती. ताप किती, औषध किती वाजता, काय खाल्लं. सहा महिने मी ती रोज लिहिली. त्यात हळूहळू बाकीचंही यायला लागलं, तीच सवय या वहीत चालू आहे. ती जुनी वही मी तिच्या मागे उघडली नव्हती. आज उघडली. शेवटच्या पानाकडून मागे गेलो. सलाईन, सलाईन, उलटी. मग हे पान. जसं आहे तसं इथे उतरवतो.

'२३ जाने., गुरुवार. सकाळी ताप ९९. इंजेक्शन ९ वाजता. दुपारी यार्डात फोन. नर्स म्हणाली आज त्या चांगल्या बोलतायत, तुमची चौकशी करतायत. मामांना म्हटलं तीन गाड्या राहिल्यात. मामा म्हणाले जा तुम्ही, मी गाड्या थांबवतो, उद्या सकाळी तपासा. मी म्हटलं थांबवू नका, बोंब होईल. कागदावरून नंबर उतरवा, मी हल्ली तेच करतो, कोण बघतंय. हजेरीत साडेपाच टाका. तीनची बस मिळाली. ४.१०, मऊ भात अर्धी वाटी, स्वतःच्या हाताने. केस विंचरून द्या म्हणाली. दिले. गुंता फार होता, दुखू न देता काढला. म्हणाली तुमचा हात हलका आहे. सव्वीस वर्षांत हे पहिल्यांदा म्हणाली. ६ ला झोपली. ताप नाही.'

बहिणीला फोन करून सांगितलं, तेवीस तारखेला अर्धी वाटी मऊ भात, स्वतःच्या हाताने. ती फोनवर खूप रडली. म्हणाली, बरं झालं रे लिहून ठेवलंस.

'मी हल्ली तेच करतो.' हल्ली म्हणजे कधीपासून? वही मागे मागे चाळली. ऑक्टोबरपासून रोज तीनची किंवा चारची बस आहे. ऑक्टोबरपासून मी दारापर्यंत गेलेलो नाही.

मामांना पुसट काहीतरी माहीत होतं असं नव्हे. त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी गाड्या थांबवायची तयारी दाखवली होती. नको मीच म्हणालो.

मला चोराची किळस आली, साहेबांच्या बुटांची आली, बहिणीच्या बॅगांची आली. तिच्या केसांचीसुद्धा आली. आज आरशासमोर दाढी करायला उभा राहिलो आणि साबण लावून तसाच पुसून टाकला.

२४ मार्च, सोमवार

रजा टाकून मामांच्या घरी गेलो. टायरच्या दुकानामागे दोन खोल्या. मामा बाहेर ओट्यावर बसून खुर्चीच्या पायाला खिळा मारत होते. मला पाहून त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि उठून उभे राहिले, केबिनमध्ये उभे होते तसे. ते मला सहन झालं नाही. म्हटलं, "मामा, बसा हो, बसा."

मामी पाणी घेऊन आल्या. म्हणाल्या, "बरं झालं आलात. घरात बसून ह्यांचं डोकं फिरलंय. काल शेजारीण आत येत होती तर हे हात करून म्हणतात, या, या, डावीकडे घ्या, बस."

मी हसलो नाही, मामाही हसले नाहीत. मामी आत गेल्या.

"मला आठवत नव्हतं," मी म्हणालो. "काल वहीत वाचलं. गाड्या थांबवतो म्हणाला होतात तुम्ही."

मामांनी हातातला खिळा ओट्यावर ठेवला. मग म्हणाले, "आठवत नव्हतं?"

"नाही."

"खरंच?"

"खरंच नाही."

"मग मी फुकटच..." एवढं बोलून थांबले. "तुम्ही साहेबांच्या बाजूला बसून इतक्या कडक आवाजात विचारत होता, की कोणी सांगितलं होतं. मला वाटलं तुम्हाला सगळं आठवतंय आणि तुम्ही मला इशारा करताय, मामा, तोंड उघडू नका."

मी ओट्यावर त्यांच्या शेजारी बसलो.

"पण तुम्ही स्वतःहून का नाही सांगितलं?"

"काय सांगू? तुमचं माणूस जाऊन महिना झाला होता. बसच्या मागे धावत गेलेला तुम्ही अजून डोळ्यांपुढे आहात माझ्या. आणि सही माझीच होती ना, भाऊसाहेब? पेन तर मीच धरलं. तुम्ही विष पी म्हणाला असता तर प्यायलो असतो का?"

"तेवढं जेवल्या का त्या दिवशी वहिनी?" मग मामांनीच विचारलं.

"अर्धी वाटी."

"मग झालं तर," म्हणाले आणि हातोडी उचलली.

२५ मार्च, मंगळवार

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "अहवाल पुढे गेलाय. दुःखात माणूस स्वतःला दोष देतो, हे नैसर्गिक आहे. चार दिवस सुट्टी घ्या."

मी म्हणालो, सुट्टी नको, अहवाल बदला.

"हे बघा, नव्या योजनेसाठी इथला प्रमुख म्हणून तुमचंच नाव सुचवलंय मी. कॅमेरे येतायत, इलेक्ट्रॉनिक सील येतायत. तुम्ही त्या फाटकवाल्याला कशाला डोक्यावर घेता? त्याने कबूल केलंय. लेखी."

"तेही खोटं आहे."

"मग पुरावा आणा. तोंडी चालत नाही. हजेरीत तुम्ही साडेपाचपर्यंत आहात."

पुरावा एकच आहे आणि तो त्या वहीत आहे. मी म्हणालो, झेरॉक्स आणतो. ते म्हणाले, "मूळ पान लागेल. कॉपी काय, कोणीही काहीही लिहून आणेल." हे बोलताना ते किंचित हसले. त्यांना वाटलं असेल, इथेच विषय संपला.

२६ मार्च, बुधवार

रविवारी घाईत उतरवलेलं पान आज मूळ पानाशी पुन्हा ताडलं. प्रत्येक शब्दावर बोट ठेवून, मोठ्याने. चष्मा नवा आहे, काल संध्याकाळी मिळाला. 'हलका' या शब्दाशी शाई थोडी पसरलेली आहे, ते उतरवता येत नाही. ४.१० मधला चार मी आधी पाच लिहून मग खोडला होता, तेही वरच्या नकलेत आलेलं नाही. नंबर बरोबर, शब्द बरोबर, सगळं बरोबर. तरी ते हे पान नव्हे.

पट्टी ठेवून पान फाडलं आणि घेऊन गेलो.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा भराभर. दुसऱ्यांदा सावकाश, आणि तेव्हा खाली बघूनच बोलत होते. म्हणाले, "यातला खालचा भाग झाकून पण देता आला असता तुम्हाला." मी म्हणालो, झाकलं तर पान मूळ राहणार नाही.

मग त्यांनी ते पंचिंग मशीनमध्ये घातलं आणि दोन भोकं पाडली. मी समास सोडून लिहीत नाही. एक भोक 'केस' या शब्दावर पडलं. पांढऱ्या कागदाची टिकली त्यांच्या टेबलावर पडली, ती त्यांनी फुंकरीने उडवली.

ओकारी येईल असं वाटलं. आली नाही.

२ एप्रिल, बुधवार

निकाल लागला. मामा परत फाटकावर, लेखी ताकीद देऊन. मला तपासणीच्या कामावरून काढलं. दोन महिने बिनपगारी, मग जुन्या कागदांच्या खोलीत बसायचं. शिक्षा कमीच झाली असं मला वाटतं. साहेबांनाही तसंच वाटलं असावं, कारण पत्र त्यांनी स्वतः दिलं नाही, टेबलावर ठेवून गेले.

नवी योजना बावीस पानांची आहे. कॅमेरे, इलेक्ट्रॉनिक सील, प्रशिक्षणाची चित्रफीत. निकालाआधीच मी एकच गोष्ट लिहून दिली होती. फाटकावर येणाऱ्या कागदावर सीलचा नंबर छापूच नका. चौकट कोरी ठेवा. तपासणाऱ्याने दारापर्यंत जावं, वाचावं, लिहावं, आणि ताडून बघायचं काम कचेरीत दुसऱ्याने करावं. कागदावर नंबरच नसला तर उतरवणार काय? ही सूचना योजनेत शेवटून दुसऱ्या पानावर आली आहे, साहेबांच्या नावाने. पण आली आहे.

क्रेनच्या बाई शिडी चढता चढता म्हणाल्या, "इतकं सोपं होतं तर एकोणीस वर्षं काय करत होता हो?"

"दारापर्यंत जात होतो. मग जायचं सोडलं."

त्या काहीतरी खोचक बोलणार होत्या, पण बोलल्या नाहीत. "चला, खाली उतरले की चहा घेऊ," एवढंच म्हणाल्या.

खणातली शिट्टी काढून मामांना दिली. त्यांनी ती सदऱ्याला पुसली. म्हणाले, "भाऊसाहेब, ते पान कशाला दिलंत? त्या सह्याशिक्क्यांच्या ढिगात वहिनींना कशाला नेऊन बसवलंत?"

"दुसरं काही नव्हतं माझ्याकडे."

एक ट्रेलर वळत होता. मामा तिकडे धावले.

डबे कुणी चोरले, ते अजून कळलेलं नाही. कळेल असं वाटत नाही.

६ एप्रिल, रविवार

बहीण येणार होती, नको म्हणालो. केर काढला. मऊ भात केला, थोडा करपला, तोच खाल्ला. भांडी घासली.

मग खणातून वर्तमानपत्राची गुंडाळी काढली. पातेल्यात पाणी कोमट केलं, साबण घातला, कंगवा त्यात ठेवला. दात घासायचा जुना ब्रश घेतला आणि एकेका दातातून केस सोडवत गेलो. काही तुटले, बरेच अख्खे निघाले. घाई केली नाही, आज कुठली बस पकडायची नव्हती. पाणी काळं झालं, ते ओतलं, दुसरं घेतलं. तिसरं पाणी स्वच्छ राहिलं. कंगवा फडक्याने टिपला आणि खिडकीत, ऊन येतं त्या बाजूला, वाळत ठेवला.